मुलांना राग आणि उतावीळपणा आवरायला शिकवताना: तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी

तुमचं मूल तीन ते आठ वर्षांचं आहे. चिडलं की मारतं, हातातलं फेकतं, दुकानात लोळण घेतं, स्वतःची पाळी येईपर्यंत थांबत नाही, दुसऱ्याच्या हातातून वस्तू ओढून घेतं. असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आमच्या मुलाबरोबर आम्ही या सगळ्यातून गेलो. 'एक ठेवून द्या, सरळ होईल' इथपासून 'लहान आहे, आपोआप कळेल' इथपर्यंत सल्ले भरपूर मिळाले. आधी काय करायचं आणि मग काय, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. तो क्रम इथे देते आहे.

एक गोष्ट पक्की धरून चाला: स्वतःला आवरणं मुलाला शिकवता येतं, पण ते चिडलेलं असताना नाही. शिकवायचं ते शांत वेळी, खेळता खेळता. चिडलेल्या वेळी फक्त निभावून न्यायचं. 'थांब, विचार कर' हे काम करणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पूर्ण विकसित व्हायला वयाची पंचविशी येते. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाने हातपाय आपटणं हे त्या वयाचंच आहे. पाच-सहाव्या वर्षी बहुतेक मुलं हाताऐवजी तोंडाने भांडायला लागतात, ती प्रगतीच समजा. सात-आठव्या वर्षी 'मला राग आलाय, मी आत जातो' असं अधूनमधून जमलं तरी पुष्कळ झालं.

हाताशी काय लागेल

- एक साधी वही आणि पेन, स्वयंपाकघरात सापडेल अशा जागी
- वाळूचं घड्याळ किंवा टिकटिकणारा टायमर (फोनवरचा नको, फोन दिसला की नवं भांडण)
- खडू, सापशिडी, पत्त्यांचा कॅट
- एक गोधडी आणि एक उशी
- घरातल्या सगळ्या मोठ्यांचा एक तास, मूल झोपल्यानंतरचा

## १. आधी आठवडाभर फक्त नोंदी ठेवा

या आठवड्यात काही बदलायला जाऊ नका. प्रत्येक मोठ्या चिडण्याच्या चार गोष्टी लिहा: वेळ, अगदी आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यानंतर आपण काय केलं.

पहिला सापळा इथेच आहे. आपण लिहितो, 'संध्याकाळी खूप हट्ट केला.' त्यातून काहीच हाती लागत नाही. असं लिहा: 'पावणेसात. कार्टून बंद केलं. रिमोट फेकला, आजीला लाथ मारली. दहा मिनिटं रडला. आजोबांनी पुन्हा टीव्ही लावला.' अशा सात-आठ नोंदी एकाखाली एक वाचल्या की मूल 'उगीच' चिडत नाही हे दिसायला लागतं. बहुतेक नोंदी दोन-तीन वेळांभोवतीच गोळा होतात. शाळेतून आल्यानंतरचा अर्धा तास, पडदा (टीव्ही, मोबाइल) बंद करायची वेळ, जेवणाआधीची वेळ आणि घाईत कपडे घालण्याची सकाळ या नेहमीच्या जागा.

चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच भरायचा राहतो. त्यात आपण काय केलं ते असतं.

## २. झोप, भूक आणि पडदा

बाकी उपाय करण्याआधी हे तीन तपासा.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप लागते, सहा वर्षांपुढच्याला ९ ते १२ तास. बाबा साडेनऊला घरी येतात, मग जेवण, मग मस्ती, झोपायला साडेअकरा आणि सकाळी सातला रिक्षा. हा हिशेब अनेक घरांत आहे आणि तो जमत नाही. बाबांची भेट सकाळी ठेवता आली तर ठेवा.

शाळेतून आल्या आल्या 'आज काय शिकवलं?' विचारू नका, आधी खायला द्या. पोळीचा लाडू, केळं, दाण्याची चिक्की, काहीही चालेल. अभ्यासाचं त्यानंतर.

पडद्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची शिफारस दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास अशी आहे, त्याहून कमी असेल तर उत्तम. किती वेळ पाहतं याच्याइतकंच महत्त्व ते कसं थांबतं याला आहे. ज्यात एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होतात ते बंद करणं मोठ्यांनाही जड जातं. ज्याला शेवट आहे अशी एक गोष्ट लावा आणि ती संपली की थांबा. चालू गोष्ट मध्येच तोडली की भांडण ठरलेलं.

## ३. घरातल्या मोठ्यांचं आधी एकमत करा

हे न करता पुढे जाऊ नका. आई नाही म्हणते, मूल आजीकडे जातं. आजी नाही म्हणते, मूल आवाज चढवतं, आणि पाहुणे बसलेत म्हणून आजोबा खिशातून चॉकलेट काढतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन वर्षानुवर्षं अशाच प्रसंगांची निरीक्षणं केली. त्यांनी दाखवलं की या व्यवहारात दोघंही शिकतात. ओरडलं की मिळतं हे मूल शिकतं, आणि दिलं की शांतता मिळते हे आपण शिकतो. दोघांनाही त्या क्षणी फायदा होतो, म्हणून ते चक्र सुटत नाही. म्हणूनच वहीतला तो चौथा रकाना महत्त्वाचा.

मूल झोपल्यावर सगळ्यांनी बसा आणि फक्त तीन नियम ठरवा. दहा ठरवलेत तर एकही पाळला जाणार नाही. आमच्याकडचे तीन असे होते: मारायचं नाही (हे मोठ्यांनाही लागू), फेकून कुठलीच वस्तू मिळणार नाही, आणि एकाने नाही म्हटलं की सगळ्यांचं नाही.

आजी-आजोबांना नियम ऐकवू नका, काम द्या. 'तुम्ही लाडावून ठेवलंय' म्हटलं की बैठक संपलीच. 'आई, तो शाळेतून आला की त्याचं खाणं आणि अर्धा तास तुमच्याकडे. तेवढ्यात तो शांत झाला तर पुढची संध्याकाळ नीट जाते' असं म्हटलं तर चित्र वेगळं होतं. मुलाच्या भल्यासाठी झटायची त्यांची तयारी आपल्यापेक्षा कमी नसते.

आता सगळ्यात मोठा सापळा. ओरडल्यावर मिळणं बंद झालं की पहिले काही दिवस ओरडणं वाढतं. कालपर्यंत जे चालत होतं ते आज का चालत नाही हे मूल जोर लावून तपासत असतं. नेमकं याच वेळी घरातलं कुणीतरी म्हणतं, 'बघा, तुमच्या या पद्धतीने उलट बिघडला.' त्या वेळी माघार घेतलीत, तर आणखी जोरात ओरडलं की मिळतं, हे शिकवून बसाल. म्हणून या वाढीची कल्पना सगळ्यांना आधीच द्या, आणि सुरुवात सणावारात किंवा परीक्षेच्या आठवड्यात करू नका.

## ४. मुलाला शब्द द्या

'राग' एवढा एकच शब्द हाताशी असेल तर मूल सगळंच रागाच्या खात्यात टाकतं. हिरमुसणं, कंटाळणं, हेवा वाटणं, लाज वाटणं, घाबरणं, चिडचिड होणं, एकटं वाटणं हे शब्द त्याच्या कानावर रोज पडू द्या. धाकट्या बहिणीला मांडीवर घेतल्यावर ते चावलं, तर तो बहुधा हेवा असतो. नंतर म्हणा, 'छोटीला मांडीवर घेतलं तेव्हा तुला वाटलं, मला कुणी घेत नाही.' प्रश्न विचारू नका, सांगा. चुकलात तर मूल स्वतःच 'नाही, तिने माझी गाडी घेतली' म्हणून सांगेल, आणि आपल्याला तेच हवं आहे.

मोठ्यांनी स्वतःबद्दलही मोठ्याने बोलावं. 'गॅस संपला, मला वैताग आलाय. आधी पाणी पिते, मग फोन करते.' रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी मुलांच्या स्वतःशी बोलण्याचा अभ्यास केला होता. बाहेर ऐकलेलं बोलणं मूल आधी स्वतःशी मोठ्याने बोलतं, मग पुटपुटतं आणि पुढे तेच मनातल्या मनात बोलून स्वतःला सांभाळतं. तुमचं मूल खेळताना एकटंच 'हळू, हळू, पडेल' असं बडबडत असेल तर त्याला गप्प करू नका.

## ५. रोज दहा मिनिटं थांबण्याचे खेळ

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. यासाठी महागडं साहित्य लागत नाही, आपले जुने खेळच पुरतात. त्यांत हात-पाय पुढे निघालेले असताना ते रोखायला लागतं, आणि आपल्याला हवा तो सराव नेमका हाच.

तळ्यात-मळ्यात. खडूने रेघ मारा. एक बाजू तळं, दुसरी मळा. भराभर पुकारत जा आणि मध्येच 'मळ्यात... मळ्यात!' असा तोच शब्द दोनदा म्हणा. उडी मारायला निघालेलं अंग जागच्या जागी धरायचं, ही खरी मेहनत. हे जमलं की उलटा डाव: 'तळ्यात' म्हटलं की मळ्यात उडी. ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी लहान मुलांचा संयम मोजायला जी चाचणी तयार केली, तिच्यातही हीच युक्ती आहे. डोक्याला हात लाव म्हटलं की पायाच्या बोटांना लावायचा.

चिमणी भुर्र. सगळ्यांची बोटं जमिनीवर. चिमणी भुर्र, पोपट भुर्र, कावळा भुर्र... म्हैस भुर्र! चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी याच्यासारखा खेळ नाही, आणि तो एसटीतही खेळता येतो.

शिवाजी म्हणतो. 'शिवाजी म्हणतो, उठा' म्हटलं तर उठायचं, नुसतं 'उठा' म्हटलं तर नाही. पाच वर्षांपुढे.

विषामृत आणि स्टॅच्यू. अंगात जोर भरलेल्या मुलांसाठी. कुणीतरी येऊन 'अमृत' देईपर्यंत थिजून उभं राहायचं. वाट पाहण्याचा यापेक्षा आनंददायी सराव मला माहीत नाही.

यात एक सापळा आहे. या खेळांत चुकलं की 'बाद' करण्याची पद्धत आहे. ज्या मुलाला थांबणं जमत नाही तेच सगळ्यात आधी बाद होतं आणि डावभर बाजूला बसतं. म्हणजे सराव सगळ्यात जास्त कुणाला हवा आणि मिळतो कुणाला! घरी खेळताना बाद करू नका. चुकलं की हसा आणि पुढचं पुकारा.

हरण्याचा सराव वेगळा करावा लागतो. त्यासाठी सापशिडी उत्तम, कारण तिच्यात हुशारीचा संबंध नाही, सगळा फाशाचा खेळ. मुद्दाम मुलाला जिंकवत बसू नका. तुम्हाला सापाने गिळलं की मोठ्याने म्हणा, 'अरे देवा, अठ्ठ्याण्णववरून खाली! वाईट वाटलं. चला, पुढचं दान.' पूर्ण पट लांब वाटत असेल तर पन्नासपर्यंतच खेळा.

वेळ खाणं झाल्यानंतरची ठेवा. झोपेच्या तोंडावर विषामृत खेळवलंत तर मूल झोपणार नाही.

## ६. थोडं थोडं थांबायला शिकवा आणि दिलेला शब्द पाळा

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेला प्रयोग तुम्ही ऐकला असेल. एक गोड खाऊ आत्ता, की थोडं थांबून दोन? थांबणारी मुलं पुढे आयुष्यात चमकली, असं त्यावरून सर्रास सांगितलं जातं. २०१८मध्ये ९००हून अधिक मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासलं. घरची परिस्थिती वगैरे हिशेबात घेतली तेव्हा तो संबंध बराच फिका पडला. म्हणून लाडू समोर ठेवून मुलाची 'परीक्षा' घेऊ नका आणि त्यावरून भविष्यही सांगू नका.

त्या प्रयोगांतून घेण्यासारख्या गोष्टी दोन. एक, खाऊ झाकलेला असला किंवा मुलाने मन दुसरीकडे वळवलं की थांबणं सोपं जातं. म्हणून 'बघू नकोस, थांब' म्हणण्यापेक्षा डबा फडताळात ठेवा आणि मुलाला वाटाणे सोलायला बसवा.

दुसरी मला जास्त मोलाची वाटते. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना आधी 'चांगले रंग आणून देते' असं सांगितलं आणि खरंच आणून दिले. इतरांना तेच सांगितलं, पण रिकाम्या हाताने परत येऊन माफी मागितली. मग खाऊची चाचणी. ज्यांच्याबाबत शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची तीन. मुलं तशीच होती, फरक समोरच्या मोठ्यांच्या विश्वासार्हतेचा होता.

म्हणून 'उद्या नेतो हं बागेत' हे वाक्य जपून वापरा. नेणार नसाल तर म्हणू नका. आणि 'पाच मिनिटांत येते' म्हटलं तर वाळूचं घड्याळ उलटं करून पाचव्या मिनिटाला या, फोन अर्धवट सोडून या. सुरुवात एका मिनिटापासून करा. थांबलं की नेमकं काय छान केलं ते सांगा: 'मी बोलत होते तोवर तू हात धरून उभा राहिलास.' नुसतं 'शहाणा बाळ' म्हटल्याने मुलाला काही कळत नाही.

## ७. भडका उडतो तेव्हा

इथे शिकवू नका. क्रम असा:

1. धोका दूर करा. दगड, कात्री, धाकटं भावंड बाजूला.
2. त्याच्या उंचीला खाली बसा. आवाज त्याच्यापेक्षा हळू.
3. एकच वाक्य: 'तुला खूप राग आलाय. मी इथेच आहे. मारू देणार नाही.' मारत असेल तर मनगट धरा, पिळू नका.
4. मग गप्प बसा. कारणं विचारणं, समजावणं, 'शेजारच्या सईकडे बघ' म्हणणं, सगळं बंद.
5. जे मागत होतं ते देऊ नका.

काही मुलांना जवळ घेतलेलं चालतं, काहींना हात लावलेला सहन होत नाही. दुसऱ्या प्रकारासाठी खोलीचा एक कोपरा ठरवा, तिथे गोधडी आणि उशी. तो शिक्षेचा कोपरा नाही. शांत वेळी तिथे बसून गोष्टी वाचा, म्हणजे ती जागा त्याला आपली वाटेल.

श्वासाचा सरावही आधी शांत वेळीच करून घ्या. गरम वरणभातावर मारतात तशी लांब, हळू फुंकर. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागला की हृदयाची गती खाली येते. एरवी दहा वेळा हसतखेळत केलं असेल तरच भडक्यात 'फुंकर' हा एक शब्द पुरतो. पहिल्यांदाच भडक्यात सांगितलंत तर ताट तुमच्या अंगावर येईल.

## ८. शांत झाल्यावर

पाणी, थोडं खाणं, मग बोलणं, तेही दोन मिनिटं. काय झालं ते त्याच्याकडून ऐका आणि पुढच्या वेळी हाताऐवजी काय करायचं ते करून बघा. 'माझी गाडी दे' हे वाक्य दोघांनी एकदा नाटक करून म्हणा. सांडलेलं दोघांनी पुसा. ज्याला लागलं त्याला बर्फ आणून देऊ दे. तोंडदेखलं 'सॉरी' वदवून घेण्यापेक्षा हे जास्त उपयोगी. रात्री बाबा आल्यावर त्यांच्यासमोर खटला पुन्हा उभा करू नका.

## ९. बाहेर जाताना

लग्न, दुकान, दवाखान्यातली रांग. निघण्यापूर्वी तीन वाक्यांत सांगा: कुठे जातोय, किती वेळ, तिथे तुझं काम काय. दुकानात यादी वाचणं, लग्नात आजीची पिशवी सांभाळणं. 'पळू नकोस' ऐवजी 'माझा हात धरून चाल' म्हणा. नुसतं 'नको' ऐकून लहान मुलाला मग काय करायचं ते कळत नाही. पंगतीला उशीर होणार हे ठरलेलंच असतं, तेव्हा घरून खाऊन निघा. लोक बघतायत म्हणून नियम मोडू नका. मूल घेऊन बाहेर या आणि पायरीवर बसा.

## १०. शाळेशी बोलताना

बाईंना भेटायला वही घेऊन जा आणि तीनच गोष्टी विचारा: कोणत्या तासाला होतं, शेजारी कोण असतं, कशाने लवकर शांत होतो. पुढच्या बाकावर जागा आणि फळा पुसण्यासारखं जागेवरून उठायला लावणारं काम, एवढं मागून बघा. शाळेत घडलेल्या गोष्टीची शिक्षा घरी पुन्हा देऊ नका. शाळेत मारहाण किंवा मानसिक छळ होत असेल तर शिक्षणहक्क कायदा २००९च्या कलम १७ने त्यावर बंदी आहे, हे लेखी अर्जात नमूद करा.

## ११. तज्ज्ञांकडे कधी आणि कसं जायचं

दोन-तीन महिने नेटाने करूनही फरक दिसत नसेल, घरी आणि शाळेत दोन्हीकडे त्रास असेल, बोलणं वयाच्या मानाने मागे असेल, नावाने हाक मारल्यावर लक्ष देत नसेल, रोज कुणाला तरी दुखापत होत असेल, तर जा. रडता रडता निळं पडणं, भान हरपणं, टक लावून गोठणं, आलेलं बोलणं जाणं, स्वतःला इजा करणं किंवा मरणाबद्दल बोलणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका. नेहमी शांत असलेलं मूल अचानक बदललं तर त्याच्याशी कुणी वाईट वागलं का, हा विचारही करा. मदतीसाठी १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून. कान, डोळे, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि घोरणं आधी तपासून घ्या. नीट ऐकू न येणारं किंवा रात्रभर तोंडाने श्वास घेणारं मूल दिवसा चिडकं आणि चंचल दिसू शकतं.

सरकारी वाट अशी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्यांची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी, अनुदानित शाळांत तपासणीला येतात. तिथून किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीने जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणी तपासणारं केंद्र) जाता येतं. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास आणि मराठीतही.

सोबत न्यायची कागदपत्रं

- जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड (किती आठवड्यांचं, वजन, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का)
- लसीकरण कार्ड आणि जुने रिपोर्ट
- तुमची वही
- शाळेचं पत्र किंवा डायरीतले शेरे, दोन-तीन वह्या
- घरच्या मोबाइलवर घेतलेला एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ (तो कुणाला पाठवू नका, फक्त डॉक्टरांना दाखवा)
- मुलाचं आधार कार्ड आणि रेशनकार्ड

पहिल्याच भेटीत दहा मिनिटांत 'एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) आहे' असं कुणी सांगितलं तर दुसरं मत घ्या. ते निदान करायला लक्षणं किमान सहा महिने, एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, आणि शाळेची माहिती त्यासाठी हवीच. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे पालकांना दिलं जाणारं प्रशिक्षण. औषधाचा विचार त्यानंतर. मोठ्या मुलाला औषध सुचवलं तर घाबरून नकार देऊ नका. कशासाठी, किती दिवस, भूक आणि झोपेवर काय परिणाम होतो, उंची-वजन कधी कधी मोजायचं, हे विचारा आणि उत्तरं वहीत लिहून आणा.

सरकारी केंद्रात पुढची तारीख लांबची मिळाली तर त्याच खेपेला दोन गोष्टी विचारून या: तोवर घरी करायचे व्यायाम कोणते, आणि पालकांचे गट कोणत्या वारी भरतात. गटाला आई-बाबांपैकी एकानेच जायचं झालं, तर जो मुलाबरोबर संध्याकाळ काढतो त्याने जावं.